अठ्ठ्याण्णव गिटारी आणि एक सागवानी चौकट

दोन वर्षांपूर्वी आमच्या मिरजेच्या घराची मागची पडवी उतरवली, तेव्हा सागाची एक जुनी चौकट निघाली. तिचे काय करायचे हे ठरायच्या आत भाच्याने ती उचलून नेली. महिन्याभराने त्याच्या खोलीत डोकावलो, तर चौकटीचे उभे लाकूड चिरून, रंधून, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे जोडून ठेवलेले. विजेवर वाजणारी गिटार होणार होती ती. “कोणाची नक्कल ही?” मी विचारले. प्रश्नात कुत्सितपणा होता, हे कबूल करतो. सतारी आणि तंबोऱ्यांच्या गावात असल्या दोन शेपट्यांच्या लाकडाला वाद्य म्हणणे मला जड जात होते.

“मामा, तुम्हीच शोधा की,” तो म्हणाला. “टिपणे काढायची सवय तुम्हाला.”

नोकरी सांभाळून वाद्ये आणि त्यांचे कारागीर यांच्याविषयी वाचायचे, टिपून ठेवायचे, एवढाच माझा अभ्यास. तो कुठल्या विद्यापीठात झालेला नाही. पण प्रश्न मीच विचारला होता, तेव्हा उत्तर शोधणेही मलाच भाग होते.

सुरुवात आकारापासून करावी लागते. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारीला पोकळ पोट. तारेचा मूळ आवाज क्षीण; तो मोठा करण्याचे काम या पोकळीचे. त्यामुळे कारागिराला आकाराचे स्वातंत्र्य फार थोडे. पोट लहान केले तर आवाज बसतो, कोनाकोनांचे केले तर बिघडतो. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतले वाद्यवृंद मोठे होत गेले आणि पितळी वाद्यांच्या गजरात गिटार ऐकूच येईना. लॉस एंजेलिसचा जॉर्ज बीचम हा वादक या अडचणीच्या मागे लागला. तांब्याच्या बारीक तारेची कॉइल गुंडाळायला त्याने घरच्या कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली. कॉइल जमल्यावर हॅरी वॉटसन या कुशल कारागिराने कानस आणि साधी हत्यारे घेऊन काही तासांत एक लाकडी नमुना कोरला. गोल, चपटा, लांब दांडीचा. दिसायला तळणीच्या तव्यासारखा, म्हणून नावही ‘फ्राइंग पॅन’ पडले. हे १९३१ साल. एकस्वासाठी १९३४ मध्ये केलेला अर्ज १९३७ मध्ये मंजूर झाला. मधल्या काळात हे यंत्र खरोखर चालते का, अशी शंका तपासनिसांना आली, तेव्हा वादकांनी वॉशिंग्टनला जाऊन त्यांच्यासमोर ते वाजवून दाखवले.

यातली युक्ती सोपी आहे. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की चुंबकाभोवतीच्या कॉइलमध्ये त्याच कंपनांचा बारीक वीजप्रवाह उठतो. तो अँप्लिफायरने मोठा करायचा. आवाज मोठा करण्याचे काम पोटाकडून विजेकडे गेले. लाकडाला आता फक्त तारांचा ताण सोसायचा आणि दांडी, घोडी व खुंट्या जागच्या जागी धरून ठेवायच्या. आकार मोकळा झाला तो इथे.

तो मोकळा झाला आहे हे लोकांच्या डोळ्यांना पटायला मात्र वेळ लागला. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी, चार इंच बाय चार इंचांच्या पाइनच्या दांडक्यावर तारा चढवून एक गिटार केली. तिला तो ‘लॉग’ म्हणजे ओंडका म्हणे. पुढे तो सांगत असे की, नुसता ओंडका घेऊन वाजवले तेव्हा श्रोते थंड राहिले. म्हणून त्याने एक पोकळ गिटार उभी चिरून तिचे दोन अर्ध ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना लावले, आणि मग तेच वादन लोकांना आवडले. आवाज तोच होता. बाजूचे दोन पंख केवळ पाहणाऱ्यांच्या समाधानासाठी होते. हा किस्सा वाचला तेव्हा मी थबकलो. पंख शोभेचेच असतील, तर ते कुठल्याही आकाराचे चालायला काय हरकत होती?

हरकत नाही, असे एका जुन्या, प्रतिष्ठित कारखान्याने १९५७ मध्ये ठरवले. मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावचा गिब्सनचा कारखाना तेव्हा टेड मॅकार्टी पाहत होता. कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्ती करत करत गिटारींकडे वळलेल्या लिओ फेंडरने १९५० पासून भरीव गिटारींचा धडाका लावला होता आणि गिब्सन म्हणजे जुन्या वळणाचे दुकान, असा समज पसरत होता. तो पुसायला मॅकार्टीने काही धाडसी आकार काढले. त्यातला एक ‘फ्लाइंग व्ही’. लाकूड पश्चिम आफ्रिकेतले लिंबा, फिकट मधासारख्या रंगाचे. त्याला ‘कोरिना’ असेही म्हणत. जमाना जेट विमानांचा होता, आणि गिटारही बाणासारखी दिसत होती.

ती विकली गेली नाही. कारखान्याच्या नोंदींनुसार १९५८ मध्ये ८१ आणि १९५९ मध्ये १७, अशा एकूण ९८ गिटारी बाहेर पडल्या आणि काम थांबले. कारणांचा अंदाज हातात घेतल्यावर येतो. साध्या गिटारीला कमरेशी खाच असते. बसल्यावर ती मांडीवर ठरते. व्हीला अशी बैठकच नाही, बसून वाजवायला गेले की ती घसरते. कारखान्यालाही हे ठाऊक असावे, कारण खालच्या पंखाच्या कडेला मांडीवर पकड यावी म्हणून रबराची पट्टी लावली होती. पट्टीने गिऱ्हाईक काही टिकले नाही.

पण त्या ९८ मधल्या काही गिटारी योग्य हातांत पडल्या. इंडियानाच्या लॉनी मॅकने आपल्या व्हीवर वाजवलेली ‘मेम्फिस’ ही धून १९६३ मध्ये गाजली. दुसरा अल्बर्ट किंग. १९२३ मध्ये मिसिसिपीत जन्मलेला, धिप्पाड, एके काळी बुलडोझर चालवणारा हा ब्लूज गायक डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार तो तारा न बदलता उलटी धरून वाजवी. नेहमीच्या गिटारीत दांडीच्या मुळाशी खाच एकाच बाजूला असते. गिटार उलटी धरली की ती खाच वर जाते आणि शेवटच्या सुरांपर्यंत बोटे पोचत नाहीत. व्हीच्या दोन्ही बाजू सारख्या, दांडी दोन्हीकडून मोकळी. बाजारात ज्या आकाराची थट्टा झाली, तो या माणसाच्या हाताला नेमका बसला. बारीक तारा त्याच्याकडे वरच्या बाजूला येत. त्या खाली ओढून तो जो आर्त सूर काढी, तो पुढच्या पिढीतल्या वादकांनी गिरवला. आपल्या गिटारीला तो ल्युसी म्हणे. १९६७ मध्ये गिब्सनने थोडे फेरफार करून व्ही पुन्हा बाजारात आणली. मधल्या आठ वर्षांत तो आकार जिवंत राहिला तो वादकांमुळे.

इथवर आल्यावर मला भाच्याच्या खोलीतले लाकूड वेगळे दिसू लागले. मग कारखान्याबाहेर घडलेल्या गिटारी शोधल्या.

सर्वांत प्रसिद्ध घरगुती गिटार व्हीच्या आकाराची नाही, पण तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लंडनजवळच्या फेल्टममध्ये १९६३ च्या ऑगस्टात सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी ती करायला घेतली, कारण मुलाला हवी ती गिटार घेणे परवडत नव्हते. काम सुमारे दोन वर्षे चालले. दांडी एका जुन्या शेकोटीच्या महिरपीच्या लाकडाची. त्यात वाळवीसारख्या किड्याने पाडलेली भोके काडेपेटीच्या काड्या ठोकून बुजवली. पोटात जुन्या टेबलाचे ओक. सूर खालीवर हलवणाऱ्या यंत्रणेला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. दांडीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. कॉइलही त्यांनी घरी केल्या होत्या, पण तार ओढली की त्यांतून नको तो आवाज येई. त्या काढून शेवटी विकतच्या बसवल्या. हीच गिटार पुढे ‘क्वीन’च्या गाण्यांतून जगभर ऐकली गेली. त्याच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.

व्हीच्या वाट्यालाही असे हात आले. १९७२ मध्ये मिशिगनच्या डॅन अर्लवाइनने अल्बर्ट किंगसाठी सव्वाशे वर्षांच्या काळ्या अक्रोडातून नवी व्ही घडवली आणि वादकाचे नाव शिंपल्यात कोरून पट्टीवर बसवले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल सँडोव्हलने रँडी ऱ्होड्ससाठी काळ्या रंगावर पांढऱ्या ठिपक्यांची व्ही केली. तिची दांडी डॅनइलेक्ट्रो नावाच्या स्वस्तातल्या गिटारीची होती. ऱ्होड्स हा संगीतशाळा चालवणाऱ्या आईचा मुलगा. पुढच्या वर्षी तो ग्रोव्हर जॅक्सनकडे नवे चित्र घेऊन गेला आणि एक पंख लांब, एक आखूड अशी व्ही तयार झाली. १९ मार्च १९८२ ला विमान अपघातात तो गेला, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. तो तिरपा आकार पुढे त्याच्याच नावाने कारखान्यात निघू लागला. वादकाने चित्र काढायचे, कारागिराने ते लाकडात उतरवायचे आणि कारखान्याने मागून यायचे, असा हा उलटा प्रवाह.

भाच्याच्या कामाकडे परत येतो. सागाला तेल असते, त्यामुळे सरस धरत नाही. जोडाच्या कडा थिनरने पुसून लगेच चिकटवाव्या लागल्या. सागाचे वजन जास्त, पण त्याचा फायदाही झाला. हलक्या व्हीची दांडी पट्ट्यावर लटकताना खाली झुकते. याची झुकली नाही. सगळ्यांत अवघड निघाले पडदे. तारेची लांबी त्याने पावणेपंचवीस इंच, म्हणजे ६२८.६५ मिलिमीटर धरली. ती १७.८१७ ने भागली की पहिल्या पडद्याचे अंतर येते, ३५.२८ मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, की दुसरा पडदा. असे करत बाराव्या पडद्यापाशी तार बरोबर निम्मी होते आणि वरचा षड्ज लागतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले. चुकले तर सरकवता येतात, रागाप्रमाणे सरकवतातही. गिटारीचे पडदे करवतीने पाडलेल्या खाचेत ठोकलेले. तिथे चूक झाली की ती तशीच राहते.

चूक झालीच, पण पडद्यांत नाही. तारा चढवल्यावर बारावा पडदा चढा लागू लागला. भाच्याने रात्र जागून खाचा मोजल्या. त्या बरोबर होत्या. सकाळी गल्लीतले एक वयस्क कारागीर सहज आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेत शिकलगारांनी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांनी, तंतुवाद्ये करायला घेतली, त्या परंपरेतले ते. विजेची गिटार त्यांनी कधी हातात धरली नव्हती. त्यांनी मोकळी तार छेडली, बारावा पडदा दाबून पुन्हा छेडली आणि म्हणाले, “घोडी पुढे आलीय.” मोजले तर सहा मिलिमीटर. घोडीची भोके दांडीच्या बाजूला सरकून पडली होती.

शिकलगारांनी पहिला तंबोरा केला तेव्हा तोही कुठल्या तरी जुन्या तंबोऱ्याकडे पाहूनच केला असणार. त्याला नक्कल म्हणायचे माझ्या कधी मनात आले नाही. आज त्या ९८ पैकी एखादी गिटार लिलावात आली तर लाख डॉलरच्या वर जाते, आणि तिच्यावरून पाहून केलेल्यांची तर गणतीच नाही. पण ज्या वर्षी ती दुकानात धूळ खात होती, त्या वर्षी तिच्यात काही आहे हे फक्त वाजवणाऱ्यांना कळले होते. ज्याला एखादी वस्तू इतकी हवी असते की तो घराच्या चौकटीतून ती कोरून काढतो, तो त्याच वाजवणाऱ्यांच्या रांगेतला. माझा प्रश्न मी भाच्याकडून परत घेतला.

त्याने ती भोके त्याच चौकटीच्या सागाच्या खुंट्यांनी बुजवली आणि घोडी मागे घेतली. वरून रंग दे, म्हणजे ठिगळ दिसणार नाही, असे मी सुचवले. त्याने दिला नाही. घोडीच्या पुढे, तारांच्या खाली, दोन गोल डाग अजून दिसतात. बारावा पडदा मात्र आता सुरात लागतो.