कुंचल्याकडून पात्याकडे : पाटीवरील अक्षरांचा इतिहास

१/ दुकानांच्या काचांवर आणि गाड्यांवर दिसणारी रेखीव कडांची अक्षरे बहुधा रंगवलेली नसतात. ती कापून चिकटवलेली असतात. या अक्षरांमागे व्हिएन्नाचा एक निर्वासित तरुण, फ्रान्समधील दोन मोटार कंपन्या आणि असंख्य पेंटरांच्या हातून गेलेले काम आहे. त्या प्रवासाचा हा धागा.

२/ १९८० पर्यंत पाटी म्हणजे पेंटर, हे समीकरण जगभर होते. खडू लावलेली दोरी ताणून तो आडव्या रेघा मारी, अक्षरांचा आराखडा काढी आणि मग कुंचला हाती घेई. तोच आराखडा पुन्हा लागणार असेल, तर कागदावरील रेषांना बारीक छिद्रे पाडून वरून कोळशाची पूड झटकली जाई. हात बसायला वर्षे लागत.

३/ जोसेफ गर्बर यांचा जन्म १९२४ साली व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीतून निसटून १९४० मध्ये ते आईसह अमेरिकेत पोहोचले. विद्यार्थिदशेत त्यांनी पायजम्याच्या इलॅस्टिकवर समान अंतरावर खुणा केल्या. इलॅस्टिक ताणले की सर्व अंतरे एकाच प्रमाणात वाढत. त्या युक्तीतून एक मोजपट्टी जन्मली आणि मोजपट्टीतून कंपनी.

४/ या कंपनीने आधी संगणकाच्या आज्ञेवर कापड कापणारे यंत्र घडवले. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिने ‘साइनमेकर’ आणले. कळफलकावर शब्द टंकला की यंत्र तो व्हिनाइलवर कापून देई. मात्र अक्षरवळणांची कार्ट्रिज वेगळी विकत घ्यावी लागत. जेवढी वळणे घेतली, तेवढीच पाटीवर उमटत.

५/ यंत्राचे तत्त्व सोपे आहे. नकाशे काढणाऱ्या प्लॉटरमध्ये लेखणीच्या जागी पाते बसवायचे. ते स्वतःभोवती मोकळे फिरते आणि वळणानुसार आपली दिशा बदलते. व्हिनाइलचा थर कापला जातो, खालचा कागद शाबूत राहतो. नको तो भाग सोलून काढायचा आणि उरलेली अक्षरे चिकट कागदाने उचलून पाटीवर बसवायची.

६/ पण मनाजोगती वळणे यंत्राला सांगायची कशी? उत्तर मोटारींच्या कारखान्यात तयार होते. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ मध्ये मोजक्या बिंदूंतून वक्ररेषा घडवण्याची रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनॉमध्ये पिएर बेझिए स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले आणि त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. म्हणून आज नाव ‘बेझिए वक्रां’चे!

७/ हेच वक्र १९८७ च्या अडोबी इलस्ट्रेटरच्या आणि १९८९ च्या कोरलड्रॉच्या मुळाशी आहेत. असा आकार कितीही मोठा केला तरी त्याची कड फाटत नाही. कार्ट्रिजची अट संपली. पडद्यावर जे रेखाटता येईल, ते कापता येऊ लागले.

८/ महाराष्ट्रात या कामाला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात, जरी त्यात रेडियमचा कणही नसतो. मोटारसायकलच्या नंबरप्लेटपासून ट्रकच्या काचेपर्यंत ते पोहोचले आणि पेंटरची रोजची छोटी कामे प्रथम गेली. काही पेंटर संगणकासमोर बसले; अनेकांनी कुंचला खाली ठेवला.

९/ देवनागरीने मात्र यंत्राची परीक्षा पाहिली. संगणकातील अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. ती फाइल तशीच पाठवली, तर पाते प्रत्येक जोडावर चीर देते आणि शब्दाचे तुकडे होतात. म्हणून आधी अक्षरांच्या बाह्यरेषा करून त्या ‘वेल्ड’ कराव्या लागतात. मग शिरोरेषा सलग होते आणि बहुतेक सारा शब्द एकसंध उचलता येतो.

१०/ दुसरी परीक्षा डोळ्याची. जागा रुंद असली की पेंटर अक्षरे पसरट काढी, पण रेषेची जाडी सांभाळी. माउसने शब्द आडवा ताणला की काना जाड होतो आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. यंत्र तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही आकार सारखेच.

११/ पाटी स्वस्त झाली, तासाभरात मिळू लागली आणि छोट्या दुकानदारालाही परवडू लागली. हा लाभ खराच. मात्र रेषेचे भान यंत्रासोबत विकत मिळाले नाही. पुढच्या पाटीपाशी थांबा आणि काना व शिरोरेषा यांची जाडी ताडून पाहा. अक्षर जाणणाऱ्याने ती घडवली की नुसती ताणली, ते लगेच कळेल.