महिना पाच रुपयांचा करार : मॉरिशसची गोष्ट

आपल्यापैकी बरेच जण परदेशात आले ते एका करारावर सही करून. मीही त्यातलाच. आज दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या अशाच एका कराराची गोष्ट ऐकू या.

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं छोटंसं बेट. १५९८ मध्ये तिथे डच उतरले, पण १७१० मध्ये बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून त्यांनी उसाचे मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, तेव्हा सुमारे २० लाख पौंडांची भरपाई देण्यात आली. कोणाला? मालकांना! गुलामांना दमडीही मिळाली नाही.

मग ऊस तोडणार कोण? १८३४ पासूनच भारतातून कंत्राटी मजूर यायला लागले होते. पुढच्या काळात चार लाखांहून जास्त माणसं पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरली. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत आपली कोकणातली माणसंही होती. प्रत्येकाला एक नंबर मिळे. पगार महिना पाच रुपये, वर शिधा. एक दिवस खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार संपला तरी सुटका नाही. १८६७ च्या कायद्याने फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो नसला, तर अटक.

कामानिमित्त मी रोज करार वाचतो. त्यात पगाराचा आकडा सगळेच बघतात. पण नोकरी सोडायचं कलम काय म्हणतं, तेही बघायला हवं. आपण राजीनामा देऊ शकतो. त्यांना ती सोय नव्हती. म्हणून 'तेही आपल्यासारखेच परदेशी गेले' असं सहज म्हणून चालणार नाही.

त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी, गुलामांच्या वंशजांसोबत, १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र देश पाहिला. १९७० नंतर तिथे कापडाचे कारखाने आले, मग पर्यटन वाढलं. १९९२ मध्ये मॉरिशस प्रजासत्ताक झालं. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

या वर्षी आरती झाली की मुलांना ही गोष्ट नक्की सांगा.