शाळा सुटण्याच्या वेळी आलेले वादळ

आजचा थ्रेड एका गुरुवारविषयी आहे. तारीख १२ जानेवारी १८८८. स्थळ अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदाने : नेब्रास्का राज्य आणि त्याच्या उत्तरेचा डाकोटा प्रदेश, ज्याला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता. त्या दिवशीच्या हिमवादळात प्राण गमावलेल्यांमध्ये शाळकरी मुले इतकी होती, की त्या वादळाला पुढे ‘शाळाघराचे वादळ’ आणि ‘मुलांचे वादळ’ अशीच नावे पडली.

वादळे त्या मैदानांना नवी नव्हती. मग याच वादळात मुले का मेली? या प्रश्नाचे उत्तर हवामानात जितके आहे, तितकेच ते जमिनीच्या कायद्यात, शाळांच्या वेळापत्रकात आणि एका कोवळ्या वयाच्या शिक्षिकेला काही क्षणांत घ्याव्या लागलेल्या निर्णयात आहे.

आधी त्या दिवसाची सकाळ पाहू. जानेवारीचा आरंभ कडाक्याच्या थंडीचा गेला होता. मुले कित्येक दिवस घरात कोंडलेली होती. गुरुवारी मात्र दक्षिणेकडून मंद, उबदार वारा वाहू लागला आणि साचलेला बर्फ वितळू लागला. शेतकऱ्यांनी गुरे मोकळी सोडली, कोणी चारा आणायला गेले, कोणी सामानासाठी गावचा रस्ता धरला. मुलेही आनंदाने शाळेत निघाली आणि त्यांतील पुष्कळांनी जाड कोट, हातमोजे घरीच ठेवले. मधल्या सुट्टीत ती बाहेर अंगणात खेळत होती. इतक्या दिवसांनी उघड्यावर खेळायला मिळालेली ती पहिलीच सुट्टी होती.

ही ऊब फसवी होती. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची दमट, उबदार हवा वर खेचली जात होती, आणि ती खेचणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यामागून कॅनडाकडची अतिशीत, जड हवा वेगाने खाली घसरत होती. दोन्हींच्या दाबांतील तफावत जितकी मोठी, तितका वारा प्रचंड. मोंटानातील हेलेना येथे साडेचार तासांत तापमान सुमारे ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे २७-२८ अंश सेल्सिअसने कोसळले. ही थंड हवेची भिंत वायव्येकडून आग्नेयेकडे सरकत होती. पश्चिमेकडच्या भागांत ती पहाटे पोहोचली, म्हणून तेथील मुले घरीच राहिली आणि वाचली. पूर्व डाकोटात आणि नेब्रास्कात ती पोहोचली ती शाळा भरलेली असताना, कोठे मधल्या सुट्टीत, तर कोठे नेमकी शाळा सुटण्याच्या वेळी. काही तासांचा हा फरक आयुष्य आणि मृत्यू यांतला फरक ठरला.

आपल्या मनातले बर्फाचे चित्र बहुधा मनालीच्या सहलीचे असते : वरून शांतपणे उतरणारा कापूस. ते चित्र येथे विसरावे लागेल. त्या दिवशीचा बर्फ पिठासारखा बारीक होता आणि तो वरून पडत नव्हता, आडवा धावत होता. पुढे केलेला हात दिसत नसे. पापण्या गोठून एकमेकींना चिकटत, श्वास घेताना नाकातोंडात हिमाची धूळ जाई. गर्जना एवढी, की शेजारच्याची हाक ऐकू येऊ नये. वादळ क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत काही ठिकाणी दोन-तीन मिनिटेच मिळाली.

आता जमिनीकडे वळू, कारण खरी गोम तेथे आहे. आपल्याकडच्या गावात घरे गावठाणात एकमेकांना खेटून असतात आणि शेते सभोवार पसरलेली असतात. शाळा सुटली की मूल दहा घरांसमोरून घरी जाते. अमेरिकेच्या मैदानांवर असे गावच नव्हते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक अर्जदाराला १६० एकर जमीन दिली, पण अट अशी की त्याने त्याच जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहावे. परिणामी प्रत्येक कुटुंब आपापल्या चौकोनात एकटे. दोन घरांत अर्धा मैल, कधी त्याहून अधिक अंतर. मध्ये झाड नाही, बहुतेक ठिकाणी कुंपण नाही, वाट ओळखण्यासाठी एखादा ओढाही नाही. रेल्वे कंपन्यांच्या जाहिरातींनी याच प्रदेशाचे ‘सुपीक बाग’ म्हणून वर्णन करून जर्मनी, नॉर्वे, स्वीडन, रशिया येथून माणसे आणली होती.

शाळांचा विचार मात्र सरकारने आरंभापासून केला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. ३६ चौरस मैलांच्या प्रत्येक टाउनशिपमधील १६ वा आणि ३६ वा तुकडा शाळांच्या निधीसाठी राखलेला असे. त्यामुळे मैदानभर एकखोली शाळा उभ्या राहिल्या. कित्येक शाळांच्या भिंती गवताच्या मुळांसकट कापून काढलेल्या मातीच्या थरांच्या होत्या, कारण लाकूड महाग होते. जळणासाठीही लाकूड नसे. मक्याची बुरकुंडे, पिळून घट्ट केलेले गवत, परवडला तर दगडी कोळसा. शाळेत दिवसापुरते जळण असे. रात्रीची तरतूद करण्याचे कारणच नव्हते.

आणि शिक्षक? पुष्कळदा सतरा-अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, स्वतःच शाळा नुकतीच संपवलेली, एखाद्या शेतकऱ्याच्या घरी भाड्याने राहणारी. दुपारी अचानक खिडक्या काळवंडल्या, छप्पर थरथरू लागले, तेव्हा निर्णय तिनेच घ्यायचा होता. विचारायला वडीलधारे कोणी नाही. मुलांना सोडावे, तर वाटेत काय होईल? ठेवून घ्यावे, तर जळण संपल्यावर काय? पालक न्यायला आले, तर तेच वाटेत हरवले तर?

नेब्रास्कातील प्लेनव्ह्यूजवळ लोइस रॉइस या शिक्षिकेकडे त्या दुपारी तीन मुले उरली होती : नऊ वर्षांचे दोन मुलगे आणि सहा वर्षांची एक मुलगी. तीन वाजता जळण संपले. ती राहत असलेले घर हाकेच्या अंतरावर होते. ते घर त्यांना सापडले नाही. रात्रभर उघड्यावर तिने मुलांना जवळ घेऊन ऊब देण्याचा प्रयत्न केला. तिन्ही मुले तिच्याजवळच गेली. ती स्वतः वाचली, पण हिमदंशामुळे तिचे दोन्ही पाय कापावे लागले. तिने चूक केली असे म्हणणे आज सोपे आहे. पण ज्या खोलीतला विस्तव विझला आहे त्या खोलीत थांबायचे, की समोरच असलेल्या उबदार घराकडे निघायचे, यांपैकी दुसरा पर्याय कोणीही शहाण्या माणसाने निवडला असता.

डाकोटात फ्रीमन गावाजवळ मेनोनाइट पंथाच्या कुटुंबांतील पाच मुलगे शाळेतून निघाले आणि दिसेनासे झाले. त्यांची कुटुंबे १८७० च्या दशकात रशियन साम्राज्यातून येथे आली होती. अशा वादळात माणूस वाऱ्याला तोंड देऊन चालू शकत नाही. तो नकळत वाऱ्याच्या दिशेने ढकलला जातो आणि घर मागे राहते. ही मुलेही तशीच भरकटली. रविवारी सकाळी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, त्यांचे देह एका शेतात सापडले. नेब्रास्कातच अन्यत्र तेरा आणि आठ वर्षांच्या दोन बहिणी सापडल्या. थोरलीने आपले पांघरूण धाकटीभोवती गुंडाळलेले होते.

शरीर गोठू लागले की बुद्धीही मंदावते. काहींना शेवटी अंगात आग पेटल्यासारखे वाटते आणि ते कपडे काढू लागतात. त्यामुळे काही मृतदेह अर्धवट उघडे आढळले आणि लोकांना त्याचा अर्थ लागेना. याहून क्रूर गोष्ट ही, की रात्रभर तग धरून सकाळी सूर्य पाहिलेली काही माणसे उठून चार पावले चालताच कोसळली. हातापायांतले गार रक्त हृदयाकडे परतल्याचा तो परिणाम असावा, असे आज मानले जाते.

या सगळ्या काळोखात देशाला एक उजळ कथा हवी होती, आणि ती मिळाली. मीरा व्हॅलीतील मातीच्या शाळेत मिनी फ्रीमन ही विशीही न गाठलेली शिक्षिका शिकवीत होती. वाऱ्याने दार उखडले, मग छप्पर उडाले. थांबणे शक्यच नव्हते. ती मुलांना घेऊन निघाली आणि साधारण अर्ध्या मैलावरच्या शेतघरी सर्वांना सुखरूप पोहोचवले. मुले किती होती? कोणी तेरा सांगतात, कोणी सतरा. तिने मुलांना एका दोरीने बांधून नेले, ही कथेतील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. पण दोरी वगैरे काही नव्हते, असे तिच्याच वर्गातील एका मुलाचे म्हणणे नोंदले गेले आहे. कथेला दोरी हवी होती, म्हणून ती कोठून तरी आली. त्याच वर्षी तिच्यावर गाणे छापले गेले, भेटवस्तू आल्या, लग्नाच्या मागण्या आल्या. ओमाहाच्या ‘बी’ या दैनिकाने तिच्यासाठी आणि रॉइससारख्या जखमी शिक्षिकांसाठी निधी उभारला.

फ्रीमनचे धैर्य खरेच होते, त्याविषयी शंका नाही. मला मात्र त्या रात्री आत थांबलेल्या शाळा अधिक अस्वस्थ करतात. कित्येक शिक्षकांनी दार लावले, मुलांना शेगडीभोवती बसवले, जळण संपल्यावर बाके फोडून जाळली, झोप येऊ नये म्हणून मुलांना गाणी म्हणायला आणि जागच्या जागी उड्या मारायला लावले. सकाळी पालक येऊन मुलांना घेऊन गेले. यात गाणे रचण्यासारखे काही घडले नाही. ज्या शाळेत काहीच घडले नाही, ती शाळा बातमी होत नाही. म्हणून त्या वादळाचा आपला इतिहास मुख्यतः बाहेर पडलेल्यांचा इतिहास आहे.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल : पूर्वसूचना नव्हती का? होती. हवामानखाते तेव्हा लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होते आणि मिनेसोटातील सेंट पॉल येथे लेफ्टनंट थॉमस वूड्रफ या प्रदेशाचे अंदाज वर्तवीत असत. डाकोटा आणि नेब्रास्कात शीतलहर येईल, असा अंदाज १२ तारखेच्या पहाटेपूर्वीच तारेने निघाला होता. पण तार रेल्वेच्या गावापर्यंत जाते. तेथे खांबावर पांढऱ्या कापडात काळा चौकोन असलेले शीतलहरीचे निशाण चढे आणि ते गावकऱ्यांना दिसे. दहा मैलांवरच्या मातीच्या शाळेत ते कोण पाहणार? शिवाय अंदाज थंडीचा होता. ‘आज दुपारी मुलांना बाहेर सोडू नका’ असे सांगणारी भाषा त्या खात्याकडे नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यू यॉर्कलाही भीषण हिमवादळाने झोडपले. १८९० च्या कायद्याने हे काम लष्कराकडून काढून कृषी खात्याकडे देण्यात आले आणि १८९१ पासून नागरी ‘वेदर ब्युरो’ सुरू झाला. या बदलामागे इतरही कारणे होती, केवळ हे वादळ नव्हे.

मृतांचा आकडा सामान्यतः २३५ असा दिला जातो. काही अभ्यासक तो बराच अधिक मानतात. दुर्गम वस्त्यांवरचे मृत्यू, आणि नंतरच्या आठवड्यांत हिमदंशाच्या जखमांनी दगावलेली माणसे मोजायची कशी, यावर तो अवलंबून आहे. एटा शॅटक या तरुण शिक्षिकेने गवताच्या गंजीत तीन दिवस काढले. ती जिवंत सापडली, तिचे पाय कापावे लागले आणि फेब्रुवारीत ती गेली.

१९४० मध्ये नेब्रास्कातील लिंकन येथे वाचलेल्यांनी एक मंडळ स्थापन केले. १८८८ ची मुले आता साठी-सत्तरीत होती. त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि १९४७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. पुढे १९६० च्या दशकात नेब्रास्काच्या राज्य विधानभवनात जीन रेनाल या कलावतीने या वादळाचे काचेच्या तुकड्यांचे मोझेक केले. त्यासाठी प्रसंग निवडला गेला तो मिनी फ्रीमनचाच : वादळातून मुलांना घेऊन चाललेली शिक्षिका.