पत्राने फाईल हलते, कायदा नाही

सरकारी काम अडलं की आमच्या बेलापुरात पहिला सल्ला मिळतो, “आमदारांचं पत्र आण.” मीही एकदा आणलंय. वारसनोंदीचा अर्ज एका कार्यालयात कित्येक महिने पडून होता. आमदारांच्या पीएंनी कागद चाळले आणि लेटरहेडवर चार ओळी टाईप केल्या. शेवटची ओळ होती, ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी’. जावक क्रमांक पडला, तिकडे आवकचा शिक्का बसला आणि फाईल हलली.

त्या ओळीतला ‘नियमानुसार’ हा शब्द मात्र नीट वाचायला हवा. नियमच आडवा आला तर पत्राचं काय होतं, हे आमच्या श्रीरामपूर तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय.

प्रवरेच्या कालव्यांचं पाणी आलं तसा इथे ऊस आला, साखर कंपन्या आल्या. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. उसाच्या मळ्यांसाठी कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने, म्हणजे भाडेपट्ट्याने घेतल्या. त्या जमिनींचे मूळ मालक म्हणजे खंडकरी.

मग १९६१चा कमाल जमीन धारणा कायदा आला, आपल्या बोलीत सीलिंगचा कायदा. तो लागू झाला २६ जानेवारी १९६२ला. हेतू चांगला होता: मोठ्यांकडची जादा जमीन काढून घ्यायची. पण कंपनीच्या ताब्यातल्या जमिनीत आमच्यासारख्यांच्या खंडाच्या जमिनीही होत्या. त्या मूळ मालकाकडे न येता सरकारकडे गेल्या. १९६३मध्ये राज्य शेती महामंडळ निघालं आणि ते त्या कसू लागलं.

आता खंडकऱ्याने कितीही पत्रं नेली तरी अधिकारी काय करणार? त्याच्या हातात जमीन परत देण्याची तरतूदच नव्हती. इथे आमदाराचं दुसरं काम सुरू होतं, ते म्हणजे सभागृहातलं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कायद्यात दुरुस्ती. खंडकऱ्यांची लढाई मनमाडचे कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड यांनी वर्षानुवर्षं लढवली, आमदार म्हणून आणि रस्त्यावरच्या मोर्चातही. कायदा बदलावा लागला, कोर्टाच्या पायऱ्याही झिजल्या. जमिनींचं वाटप सुरू व्हायला २०१२ उजाडलं.

तोवर अनेक मूळ मालक गेले होते. त्यामुळे जमीन मिळवायला पुन्हा वारसांचे दाखले, फेरफार, सातबारा. म्हणजे पुन्हा फाईल, आणि फाईल अडली की पुन्हा पत्र.

म्हणून आमदारांच्या ऑफिसात जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: माझं काम नियमात बसत असून अडलंय, की नियमामुळेच अडलंय? पहिलं असेल तर अर्जाची पोच घेऊन जा, पत्र मागा. दुसरं असेल तर एकट्याने जाऊ नका. तुमच्यासारखेच अडलेले गाठा, सगळे मिळून जा आणि सांगा, “साहेब, पत्र नको. अधिवेशनात प्रश्न मांडा.”

पत्र द्यायला पाच मिनिटं लागतात. दुसऱ्या कामाला खंडकऱ्यांची पन्नास वर्षं गेली.