वार आहे, जागा नाही : उपनगरातल्या आठवडे बाजाराचा मागोवा

मराठीत दुकान उघडते आणि बंद होते; बाजार मात्र भरतो आणि उठतो. भरायला वार लागतो, बसायला जागा लागते. या दोन गोष्टी जुळल्या की छप्पर, पाटी, वीज यांतले काही नसले तरी बाजार होतो. पुण्याच्या कोथरूड, औंध, बाणेर या बाजूच्या उपनगरांत शनिवारी-रविवारी भाजीपाल्याचे आणि हातच्या वस्तूंचे जे बाजार भरतात, त्यांत मी गेली काही वर्षे वही घेऊन हिंडतो आहे. पिशव्या घेऊन येणाऱ्या बहुतेकांना ही अलीकडची शहरी सोय वाटते. तिची वंशावळ मात्र पेठा, मंडई, गिरणी आणि बाजार समिती अशी लांबवर जाते. तिच्यातल्या दोनच धाग्यांचा माग इथे घ्यायचा आहे : या बाजारांना वार कुठून मिळाला, आणि त्यांची जागा कुठे गेली?

पेठ वसते, वार उरतो

कसबा हे पुण्याचे जुने ठाणे. त्याभोवती पेठा वसत गेल्या. १७०३ च्या सुमारास औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात होता. त्या काळात वसलेल्या पेठेला मुहियाबाद म्हणत. तीच पुढे बुधवार पेठ झाली. शनिवार पेठ पूर्वीची मूर्तजाबाद, रविवार पेठ मलकापूर, सोमवार पेठ शहापूर, तर जिवाजीपंत खासगीवाले यांनी वसवलेली शुक्रवार पेठ ही विसापूर. आधीची नावे मागे पडून वारांची नावे रूढ झाली. साताऱ्यात, सोलापुरात आणि कोल्हापुरातही वारांच्या पेठा आहेत. त्या त्या वारी तिथे बाजार भरे म्हणून ही नावे पडली, असे परंपरा सांगते. परंपरेचा हा खुलासा प्रत्येक पेठेला लागू पडेलच असे नाही, पण वस्तीला नाव देताना लोकांना वार सुचावा, यातच वार आणि व्यवहार यांचे जुने नाते दिसते.

पेठ आपोआप वसत नसे. सरकारातून कौल मिळे, नव्याने येणाऱ्या व्यापाऱ्यांना काही वर्षे कराची सूट मिळे, आणि पेठेची व्यवस्था पाहायला शेटे-महाजनांची वतने असत. बाजाराच्या दिवशी बसणाऱ्याकडून बैठक घेतली जाई. धान्याच्या ढिगातून हक्कदार फसकी, म्हणजे मूठभर धान्य, उचलत. 'बैठक' हा शब्द नीट पाहावा. तो माल विकल्याबद्दलचा कर नव्हता, बसल्याबद्दलचा होता. बाजारात खरी किंमत बसण्याला आहे, हे त्या काळच्या कारभाराला पक्के ठाऊक होते. आणि ज्याने बैठक भरली, त्याचे त्या दिवसापुरते बसणे मान्य झाले, हा त्याचा दुसरा अर्थ.

आज शुक्रवार पेठेत शुक्रवारी वेगळे काही घडत नाही. रोजची दुकाने आली, वस्ती दाट झाली, बाजार सरकला आणि वार तेवढा पाटीवर राहिला. मंगळवार पेठेलगतचा जुना बाजारही बुधवारी आणि रविवारी भरतो! खेड्यांकडे मात्र वार अजून जिवंत आहे. चाकणचा शनिवार, बेल्ह्याचा सोमवार, लोणंदचा गुरुवार, गोव्यात म्हापशाचा शुक्रवार, असे नुसते म्हटले तरी बाजार समजतो. गावोगाव मजुरीचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो. मजूर म्हणतो, 'बाजार दिला.' तिथे आठवडा पंचांगाने कमी आणि बाजाराने जास्त मोजला जातो.

मंडईने जागा दिली, वार घेतला

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर बसे. १८८६ मध्ये शुक्रवार पेठेत नव्या मंडईची दगडी इमारत उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. या खर्चाला जोतीराव फुले यांचा विरोध होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे. ते स्वतः फुलांचा आणि भाजीचा व्यवसाय असलेल्या माळी घराण्यातले. भाजीवाल्यांचे जगणे त्यांना बाहेरून पाहावे लागत नव्हते. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले.

मंडईने पावसापासून आसरा दिला, स्वच्छता आणली, हे खरे. पण तिने बाजाराचा स्वभावही बदलला. उघड्यावरची बैठक गेली आणि ठरलेला, भाड्याचा गाळा आला. आठवड्यातून एकदा येणाऱ्या शेतकऱ्याला रोजचा गाळा परवडत नाही. तिथे रोज विकणाराच बसू शकतो. जागा पक्की झाली, तसा वार निरर्थक झाला आणि पिकवणारा एक पायरी मागे सरकला.

त्याच १८८६ साली वऱ्हाडात कारंजा इथे कापसाचा बाजार सरकारी नियमांखाली आला. देशातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार म्हणून तो ओळखला जातो. किरकोळ विक्रीला छप्पर आणि घाऊक विक्रीला नियम, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात एकाच वर्षी घडल्या हा योगायोग असला तरी दिशा एकच होती : फिरता, वाराचा बाजार स्थिर करायचा.

रविवार कोणी दिला?

उपनगरातला बाजार शनिवारी-रविवारी भरतो, कारण गिऱ्हाईक तेव्हा घरी असते. हे इतके उघड वाटते की रविवारची सुट्टीही कोणीतरी मिळवलेली आहे, हे विसरायला होते. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिच्यासाठी अर्ज केले, सभा घेतल्या. रविवार हा खंडोबाचाही वार आहे, असा त्यांचा एक युक्तिवाद होता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून तिथल्या कामगार वस्त्यांत गुरुवारची वर्दळ वेगळी असते. संगणक कंपन्यांनी पाच दिवसांचा आठवडा रुळवला, आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांनाही तो लागू झाला. गावाकडे बाजाराने सुट्टी ठरवली. शहरात सुट्टीने बाजार ठरवला. क्रम उलटा झाला, पण वार बाजाराकडे परत आला.

आडत आणि तिच्यानंतर

मधल्या काळात घाऊक व्यापार बाजार समित्यांकडे गेला. १९६३ च्या राज्य कायद्याने शेतमालाची विक्री समितीच्या आवारात बांधली. हेतू चांगला होता : खोटे माप, बुडवलेले पैसे, रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे गुप्त भाव यांपासून शेतकरी वाचावा. पण पट्टी हातात येईपर्यंत आडत, हमाली, तोलाई वजा होत गेली, आणि भाव पाडणाऱ्याचे नाव-गाव शेतकऱ्याला कळेनासे झाले. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला. पाठोपाठ ऑगस्टमध्ये पणन मंडळाच्या पुढाकाराने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू झाले. त्याला संत सावता माळी यांचे नाव दिले गेले. सावतोबा अरणचा आपला मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या नावाच्या बाजारासाठी शेतकऱ्याला मात्र मध्यरात्री टेम्पो भरून शहर गाठावे लागते.

या बाजारांत खरा पिकवणारा कसा ओळखावा, असे मला पुष्कळजण विचारतात. माझी खूण साधी आहे. शेतकऱ्याकडे जिनसा चार-पाच आणि प्रत्येकीचा ढीग मोठा असतो : पुरंदरचा असेल तर सीताफळ, अंजीर, वाटाणा, मावळ-मुळशीचा असेल तर इंद्रायणी तांदूळ. पहाटे गुलटेकडीहून माल उचलून आणणाऱ्याकडे पंधरा-वीस जिनसा असतात, त्यांत तीन रंगांची ढोबळी मिरची आणि सफरचंदेही. शेतकरी मालाबद्दल विचारले की जमिनीबद्दल बोलू लागतो. दुसरा भावाबद्दल बोलतो. पण हा दुसरा माणूस लबाड ठरत नाही. त्याचेही पोट बसण्यावरच आहे. फक्त दोघांचा माल एकाच पाटीखाली 'थेट शेतातून' म्हणून विकला जाऊ नये.

सूप आणि घोंगडी वेगळी का झाली?

गावच्या बाजारात भाजी आणि कारागिरी शेजारी शेजारी बसत. बुरुडाची सुपे, रोवळ्या, दुरड्या, कुंभाराची गाडगी-मडकी, धनगराची घोंगडी, घिसाड्याची खुरपी-विळे. गावात बलुते धान्यात मिळे, बाजारात रोख पैसा दिसे, म्हणून कारागिराला बाजार हवा असे. माळवे विकून आलेल्या पैशातून शेतकरी जाताना सूप घेऊन जाई. एकाच पैशाचा तिथल्या तिथे फेरा होई.

उपनगरात हा फेरा तुटलेला दिसतो. कारागिरीची प्रदर्शने वेगळी भरतात. पुण्यात दर वर्षी भरणारी भीमथडी जत्रा किंवा बचत गटांचे मेळे ही त्यांतली मोठी. तिथे सूप भिंतीवर टांगण्यासाठी घेतले जाते, पाखडण्यासाठी नाही. कारागिराला भाव बरा मिळतो, हेही नाकारून चालणार नाही. पण वर्षातून चार दिवसांच्या प्रदर्शनावर घर चालत नाही. ज्या शनिवार-रविवारच्या बाजारांत भाजीच्या ओळीला लागून मातीचे तवे, माठ आणि टोपल्या बसतात, तिथे गिऱ्हाईक पुन्हा येते, तवा तडकला तर तक्रार घेऊन येते, आणि कारागिराला पुढच्या आठवड्याची ऑर्डर मिळते. हा रोखीचा आणि ओळखीचा व्यवहार हीच जुन्या बाजाराची खरी पुंजी होती.

बसण्याचा हक्क

आता जागेकडे येऊ. बाणेर, बालेवाडी, खराडी ही गावे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे आली. शेते गेली, इमारती आल्या. शनिवार-रविवारचे बाजार आता कुठे बसतात? न बांधलेल्या भूखंडावर, मंगल कार्यालयाच्या अंगणात, सोसायटीच्या वाहनतळावर, उड्डाणपुलाखाली. म्हणजे कोणाच्या तरी मर्जीने. भूखंडावर पत्रे लागले की पुढच्या रविवारी बाजार नाही. पेशवाईतल्या शेतकऱ्याने बैठक भरली की त्याचे बसणे नोंदले जाई. आजचा शेतकरी जागेचे भाडे भरतो, पण त्याचे बसणे कुठल्या नोंदीत टिकत नाही.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात एक उपयोगाची संकल्पना आहे : स्वाभाविक बाजार. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत, अशी जागा नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीने तशी ठरवता येते. या समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. कायद्याचा रोख मुख्यतः रोज बसणाऱ्याकडे असला, तरी आठवड्यातून एकदा भरणारा बाजार या व्याख्येबाहेर ठेवायचे कारण नाही. अडचण पुराव्याची आहे. 'परंपरेने' हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि वाराच्या बाजाराचा कागद कोणी ठेवत नाही. इमारतीला नकाशा असतो, गाळ्याला क्रमांक असतो. रविवारी सकाळी सहा तासांपुरत्या उभ्या राहणाऱ्या गोष्टीला काहीच नसते.

ही नोंद ठेवणे अवघड काम नाही. आपल्या उपनगरातला बाजार कोणत्या वारी भरतो, कोणत्या जागी, केव्हापासून. पूर्वी कुठे भरत होता आणि तिथून का उठला. कोणत्या तालुक्यातून माणसे येतात, काय आणतात. एवढे तारीख घालून वहीत लिहिले, बरोबर जागेचे एखादे छायाचित्र ठेवले, तर ते उद्या समितीपुढे मांडता येईल. पेठांचा इतिहास आपल्याला कळतो तो कौल आणि वतनाच्या कागदांमुळे. उपनगरांच्या बाजारांचे असे कागद अजून तयार व्हायचे आहेत, आणि ते तयार करायला सरकारी हुकुमाची वाट पाहावी लागत नाही.