चयापचयाची गती व मेदघट

चयापचयाची गती म्हणजे जिवंत शरीर ठरावीक काळात जितकी ऊर्जा खर्च करते तिचे मान. अन्नातून शरीराची घडण करणाऱ्या क्रियांना चय आणि साठ्याचे विघटन करून ऊर्जा मोकळी करणाऱ्या क्रियांना अपचय म्हणतात. या दोहोंचा एकत्रित व्यवहार म्हणजे चयापचय होय. मेदघट म्हणजे शरीरात साठलेल्या मेदाचे, अर्थात चरबीचे, प्रमाण कमी होणे. लोकव्यवहारात या दोन गोष्टी एकच मानल्या जातात आणि चयापचय वाढविला की चरबी आपोआप जळते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात पहिली गोष्ट माणसाच्या हाती फारच थोडी असते. दुसरी मात्र आहार व हालचाल यांच्या बळावर, पहिलीवाचूनही, बऱ्याच अंशी साधता येते.

ऊर्जेचा जमाखर्च

आहारशास्त्रात ऊर्जा उष्मांकांत मोजतात. येथे एक उष्मांक म्हणजे एक किलोकॅलरी होय. बैठे काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या दैनंदिन ऊर्जाखर्चाचा ६० ते ७० टक्के भाग आधारभूत चयापचयाचा असतो. माणूस निश्चल पडून असला तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम थांबत नाही. त्यासाठी लागणारी ही ऊर्जा होय. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या काळातील ऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो घेतो. अन्नाचे पचन व शोषण यांवर सुमारे १० टक्के ऊर्जा खर्च होते. उरलेला भाग हालचालीचा असून माणसामाणसांत सर्वाधिक फरक पडतो तो येथेच.

स्नायू वाढविले की बसल्या जागी चरबी जळू लागते, हा दावा आकड्यांवर तपासून पाहण्याजोगा आहे. एक किलो स्नायू विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला सुमारे १३ उष्मांक वापरतात, तर एक किलो मेद सुमारे साडेचार. परिश्रमाने दोन किलो स्नायू कमावले तरी आधारभूत खर्चात २६ उष्मांकांची, म्हणजे सव्वा चमचा साखरेइतकी भर पडते. स्नायूंचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. ते पुढे येईल.

वयाबाबतचा समजही असाच. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे एकत्र करण्यात आली. शरीराचे आकारमान व घडण हिशेबात धरल्यावर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्याने घटतो, असे त्यात आढळले. चाळिशीत सुटलेल्या पोटाचा दोष मंदावलेल्या चयापचयाला देण्याची रीत यामुळे निराधार ठरते.

श्रमांतील बदल

चयापचय तोच राहूनही खर्च किती घटू शकतो, हे भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींवरून दिसते. त्यांनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २,११० आणि जड श्रमांसाठी ३,४७० उष्मांक लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६० व २,७२० आहेत. पुरुषाच्या बाबतीत ही तफावत १,३६० उष्मांकांची, म्हणजे सुमारे चारशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींइतकी भरते.

विदर्भातील शेतीप्रधान तालुक्यांत हा बदल एका पिढीत घडून आला. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली, मेहकर या सोयाबीनच्या पट्ट्यात नांगरणी व पेरणी ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने आणि शेतापर्यंतची ये-जा दुचाकीने होऊ लागली. निंदणी-खुरपणीचे काम करणाऱ्या मजूर स्त्रियांचे श्रम मात्र फारसे कमी झालेले नाहीत. त्यामुळे एकाच गावात, कधी एकाच घरात, जड श्रमांचा व बैठा असे दोन्ही खर्च आढळतात. ताट मात्र पूर्वीच्याच मापाने वाढले जाते, आणि घरातील स्त्रीच्या वाट्याला ते अनेकदा सर्वांत शेवटी येते.

मेदाचे विघटन

जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढते. ते असेपर्यंत मेदपेशी साठा करतात व साठा मोकळा करण्याचे काम मंदावते. दोन जेवणांच्या मधल्या काळात व झोपेत इन्सुलिन उतरते, मेदपेशींतील मेदाम्ले रक्तात येतात आणि स्नायू, हृदय व यकृत ती इंधन म्हणून वापरतात. ही ये-जा रोजची आहे. ठेव काढण्यापेक्षा भरणा अधिक झाला की मेद वाढतो. एक किलो शरीरमेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात.

जळालेला मेद जातो कोठे, याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटते. १० किलो मेदाचे पूर्ण ज्वलन झाले तर त्यातील ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासावाटे बाहेर पडतो आणि १.६ किलो भागाचे पाणी होते. घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे. पोटाला प्लास्टिकचा पट्टा गुंडाळून धावल्याने कमी होणारे वजन पाण्याचे असते व ते पाणी पिताच परत येते. त्याचप्रमाणे पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी कमी होत नाही. कोणता साठा आधी रिकामा व्हावा हे संप्रेरके, अनुवंश व लिंग यांवर ठरते.

पुण्यातील संशोधन व 'सडपातळ पण मेदयुक्त' देह

मेदाचा प्रश्न केवळ लठ्ठ दिसणाऱ्यांचा नाही, हे दाखवून देण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांचा वाटा मोठा आहे. २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये याज्ञिक व ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक (किलोमधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२.३, म्हणजे अगदी सारखा होता. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. हे उदाहरण दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून ओळखले जाते.

याची मुळे जन्मापूर्वीच्या काळात असू शकतात, असे याच गटाचे काम सुचवते. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी करण्यात आली. खेड्यांतील बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. लहानखुऱ्या मराठी बालकांत स्नायू व पोटातील अवयव बरेच कमी भरले; त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. गर्भावस्थेत कुपोषित राहिलेल्या देहाला पुढे बैठे काम व भरपूर अन्न मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो, असे या संशोधनातून पुढे आलेले प्रतिपादन आहे.

या स्वरूपाच्या पुराव्यांमुळे भारतीयांसाठी वजनाच्या मर्यादा खाली आणण्यात आल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एकमतानुसार देहवस्तुमान निर्देशांक २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानली जाते, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांहून अधिक असणे धोक्याचे समजतात. वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी येथे अधिक खरे बोलते.

आहार

पचनावर होणारा खर्च अन्नघटकागणिक बदलतो. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के त्यांच्याच पचन-शोषणात खर्ची पडते, कर्बोदकांच्या बाबतीत ५ ते १० टक्के, आणि स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत ३ टक्क्यांपर्यंत. प्रथिनांनी भूकही अधिक काळ भागते आणि वजन घटताना स्नायू टिकून राहण्यास मदत होते. पूर्वोक्त शिफारशींत प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. भाकरी-पोळी व भात यांनीच भरलेल्या ताटात वरण पातळ असेल तर एवढे प्रमाण गाठणे अवघड जाते. पिठले, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, ताक-दही, अंडी, शेंगदाणे हे त्यावरचे घरगुती उपाय होत. सोयाबीनमध्ये ३५ टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, पण ज्या पट्ट्यात ते पिकते तेथील स्वयंपाकघरात ते क्वचितच शिरते; तेलगिरणीतून उरणारी पेंड पशुखाद्यात जाते.

ज्वारीची भाकरी चरबी जाळते, अशी अलीकडची समजूत आहे. ज्वारीचे पीठ व चाळून कोंडा न काढलेली कणीक यांतील उष्मांक, प्रथिने व तंतू यांत फारसे अंतर नाही. भाकरीला तेल लागत नाही आणि ती भाजी-आमटीसोबत सावकाश खाल्ली जाते, हा तिचा खरा लाभ. उपवासाबाबतही हेच म्हणता येते. साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे व शेंगदाण्याचे लाडू यांचा उपवास जमेची बाजू वाढवितो. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आहारशास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

दोन वेळा की दर दोन तासांनी

महाराष्ट्रात या विषयावरील सर्वांत मोठी लोकचर्चा जेवणाच्या वारंवारतेवरून झाली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) हे आपल्या व्याख्यानांतून दिवसातून दोनदाच जेवण्याचा पुरस्कार करीत. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे ही पद्धत व्याख्याने, पुस्तके व समाजमाध्यमे यांद्वारे घरोघरी पोहोचविली. खरी भूक लागेल अशा दोन वेळा ओळखून त्या वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपविणे, मधल्या काळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा यांपलीकडे काही न घेणे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, हा तिचा गाभा आहे. प्रत्येक खाण्यासरशी इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, हे तिच्यामागील तर्कशास्त्र होय.

याउलट मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ मधील आपल्या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकात उठल्यावर चहाऐवजी काहीतरी खाण्याचा आणि पुढे दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्ला दिला. तूप, भात, स्थानिक फळे व ऋतुमानानुसार मिळणारे घरचे अन्न यांना त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. दोन्ही पद्धतींचे अनुयायी मोठ्या संख्येने असल्याने वादाला काही काळ पंथभेदाचे रूप आले होते.

वारंवार खाल्ल्याने चयापचयाची आग धगधगती राहते, या कल्पनेला प्रयोगांचा आधार नाही. एकूण अन्न तेवढेच असेल तर पचनावरचा एकूण खर्चही तेवढाच राहतो. उलट दोनदाच खाल्ल्याने चयापचय मंदावतो, ही भीतीही खरी ठरलेली नाही. प्राग येथे ५४ मधुमेही रुग्णांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उष्मांक सारखेच ठेवून, दोन मोठ्या जेवणांच्या कालखंडात वजन सरासरी ३.७ किलोंनी व सहा लहान खाण्यांच्या कालखंडात २.३ किलोंनी घटले. मात्र ती दोन जेवणे सकाळची व दुपारची होती. रात्रीचे जेवण त्यांत नव्हते, हे चाचणीचा दाखला देताना बहुधा सांगितले जात नाही. व्यवहारात दोन-जेवण पद्धतीचा मोठा परिणाम मधला गोड चहा, बिस्किटे व फरसाण सुटल्याने होतो. दिवेकरांच्या पद्धतीतही पाकीटबंद खाद्यांना मज्जाव आहे. म्हणजे दोन्ही वाटा या एका ठिकाणी येऊन मिळतात.

व्यायाम

६० किलो वजनाची व्यक्ती सपाट रस्त्याने साडेचार किलोमीटर चालली तर सुमारे दोनशे उष्मांक खर्च होतात. खाणे वाढले नाही तर एक किलो मेद घटण्यास या हिशेबाने सव्वा महिना लागतो. तीन कप गोड चहा आणि चार बिस्किटे एवढ्यात ही बचत संपते. म्हणून केवळ व्यायामाने वजन उतरविणे कठीण जाते. पण उतरलेले वजन टिकविण्यात आणि रक्तशर्करा आटोक्यात ठेवण्यात व्यायामाला पर्याय नाही. आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील ग्लुकोज ओढून घेतात, आणि जेवणातील शर्करेचा सर्वांत मोठा कोठारही तेच आहेत. सडपातळ पण मेदयुक्त देहाला स्नायू हवेत ते यासाठी. जेवणानंतर शतपावली घालण्याची जुनी चाल या दृष्टीने योग्यच आहे, फक्त शंभर पावले अपुरी पडतात. दहा-पंधरा मिनिटे चालल्यास जेवणानंतरची शर्करा कमी चढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. दुसऱ्या अर्ध्याकडे सकाळी फिरायला जाणारे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. त्यासाठी यंत्रांची गरज नाही. जोर, बैठका ही तालमीतील परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे, आणि औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार शाळांपर्यंत नेला. वयस्कांना खुर्चीवरून हातांच्या आधाराविना उठणे-बसणे, एवढ्यापासूनही आरंभ करता येतो.

वजन घटल्यानंतर

उपासमार झाल्यास शरीर खर्च आवरते. १९४४–४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचा आधारभूत चयापचय सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. थकवा, थंडी वाजणे व सदैव अन्नाचेच विचार ही लक्षणे दिसली. झटपट वजन उतरविणाऱ्या कडक आहारानंतर वजन परत का वाढते, याचे एक कारण यात आहे. चयापचयाची गती खऱ्या अर्थाने बदलते ती अशी, उलट्या दिशेने.

चयापचय वाढविणारी द्रव्ये

चयापचय औषधाने वाढविता येतो, पण त्याची किंमत जबर आहे. १९३३ पासून अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल हे रसायन वजन कमी करण्यासाठी विकले गेले. पेशींतील ऊर्जा साठण्याऐवजी उष्णतेच्या रूपाने वाया घालविणे, ही त्याची क्रिया. ताप अनावर होऊन मृत्यू व मोतीबिंदू यांच्या घटना घडल्यावर १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. अवटू ग्रंथीचा विकार नसताना तिच्या गोळ्या घेतल्यास हृदयाची लय बिघडते व स्नायू झिजतात. कॉफी व हिरव्या चहातील कॅफीनचा परिणाम अल्प व तात्पुरता असतो. कोमट पाण्यातील मधाने चरबी जळते यास पुरावा नाही. एका मोठ्या चमचाभर मधात मात्र सुमारे ६० उष्मांक असतात.

दक्षता

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी जेवणाच्या वेळा परस्पर कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. औषधाची मात्रा आधी वैद्यकीय सल्ल्याने बदलून घ्यावी लागते. घाम फुटणे, हात थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसताच साखर घ्यावी. गरोदर व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि कमी वजनाच्या व्यक्ती यांच्यासाठी मेदघटीचे कार्यक्रम नाहीत. प्रयत्नांवाचून वजन सातत्याने उतरत असेल तर क्षयरोग, अनियंत्रित मधुमेह, अवटू ग्रंथीची अतिक्रिया व कर्करोग यांची तपासणी आवश्यक ठरते.