कुत्र्याची पिसू

पाळलेला कुत्रा रात्री उंबऱ्याशी बसून मागच्या पायाने कान खाजवू लागला, म्हणजे त्या पायाचा भुईवर पडणारा ठपठप असा आवाज साऱ्या घराची झोप मोडतो. धनी उठतो, दिवा लावतो, कुत्र्याचे केस मागे सारून पाहतो, आणि त्या केसांच्या मुळाशी एक तपकिरी ठिपका तिरका धावत दिसेनासा होतो. दुसऱ्या दिवशी त्या मुक्या जिवाला न्हाऊ घालतात, कसलीशी पूड चोळतात, आणि चार दिवस शांततेत जातात. पाचव्या रात्री पुन्हा ठपठप सुरू होते. श्रोतेहो, या पाचव्या रात्रीचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे. पिसू मारणे मनुष्याला फार पूर्वीच साधले होते. मारून संपलेल्या पिसवा पुन्हा कोठून येतात, हे उमगावयाला मात्र शतकांमागून शतके गेली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा एक रोमन ग्रंथकार होऊन गेला. स्पेनमधील आजच्या कादिझ शहरी त्याचा जन्म झाला. शेतीवर त्याने बारा खंड लिहिले आणि त्यांपैकी सातव्या खंडाच्या शेवटी शेतावरच्या कुत्र्यांच्या दुखण्यांना जागा दिली. पिसवांवर त्याचा उपाय असा: जिरे आणि हेलेबोर नावाची विषारी मुळी समभाग कुटून पाण्यात कालवावी व कुत्र्याला माखावी, नाहीतर एका जातीच्या काकडीचा रस लावावा, यांतले काहीच हाताशी नसेल, तर ऑलिव्हच्या तेलाखाली उरणारा जुना गाळ कुत्र्याच्या सर्वांगावर ओतावा. यातला शेवटचा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कीटक आपल्या कुशीवरच्या बारीक छिद्रांनी श्वास घेतात आणि तेलाने ती बुजतात. हेलेबोरची गोष्ट निराळी. कुत्रा आपले अंग चाटतो हे विसरून त्याला विष माखणे म्हणजे रोगाआधी रोग्यालाच धोक्यात घालणे होय. आपल्याकडचे वेखंड, करंजेल आणि सीताफळाच्या बियांची पूड ही याच कुळातली औषधे. त्यांपैकी सीताफळाची पूड डोळ्यांत गेली तर माणसाच्या आणि जनावराच्याही डोळ्यांना गंभीर इजा करते.

कोलुमेलाने कुत्र्याकडे इतके बारकाईने पाहिले, तर कुत्र्याच्या अंथरुणाकडे पिसवांचे घर म्हणून का पाहिले नाही? याचे कारण त्याच्या काळच्या समजुतीत सापडते. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते की पिसवा कुजणाऱ्या घाणीतून आपोआप उपजतात आणि जेथे वाळलेली विष्ठा असते तेथे त्या सापडतात. पिसवांपासून अळीसारखे काहीतरी निघते हेही त्याला ठाऊक होते. परंतु त्यातून पुढे काहीच निपजत नाही, असे सांगून तो मोकळा झाला. आपल्या पूर्वजांचे मतही याहून फारसे वेगळे नव्हते. मनुस्मृतीत जीवांचे वर्ग करताना डास, उवा, माश्या आणि ढेकूण यांना ‘स्वेदज’, म्हणजे घामातून व उष्म्यातून जन्मणारे, म्हटले आहे. जे धुळीतून आणि घामातून आपोआप उत्पन्न होते, त्याचा वंश खुंटविण्याचा विचार कोणाच्या मनात येणार? जे दिसेल ते मारावे, एवढेच मनुष्याच्या हाती उरते.

सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला. रॉबर्ट हुकने 1665 साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात पिसूचे सुमारे दीड फूट लांबीचे चित्र घडी घालून बसविले. लोकांनी ते चित्र पाहून बोटे तोंडात घातली, आणि तिच्या चिलखतासारख्या तकाकत्या शरीराचे कौतुक खुद्द हुकनेच केले. पण चित्र पाहून तिचा जन्म कळत नाही. ते काम डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक याने केले. त्याने पिसवा पाळल्या आणि अंड्यातून अळी, अळीचा कोष व कोषातून पुन्हा पिसू निघताना पाहिली. इटलीतील लिव्होर्नो येथील चेस्तोनी या औषधविक्रेत्यानेही स्वतंत्रपणे तेच पाहिले. त्याचे निवेदन लंडनच्या रॉयल सोसायटीने 1699 मध्ये छापले.

येथेच ही कथा संपावयास हवी होती. प्रत्यक्षात हे ज्ञान विद्वानांच्या पत्रव्यवहारात राहिले आणि कुत्र्याला पूर्वीसारखीच पूड चोळली जात राहिली. एकोणिसाव्या शतकात पूड बदलली, एवढेच. शेवंतीच्या कुळातल्या काही फुलांची ही भुकटी कॉकेशसकडून आणि इराणातून युरोपात आली. पुढे डाल्मेशियातील पांढऱ्या फुलांची भुकटी तिच्याहून सरस ठरली. व्हिएन्नाच्या झाखेर्ल घराण्याने याच व्यापारावर मशिदीसारखा दिसणारा एक भव्य कारखाना उभारला. ही भुकटी माणसाला व कुत्र्याला फारशी बाधत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिने पिसू मूर्च्छित होऊन पडते, आणि मात्रा कमी पडली तर उठून चालूही लागते.

पिसूकडे जगाने गांभीर्याने पाहावे असा प्रसंग आला तो आपल्या मुंबईत. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी एका रोग्याला प्लेग असल्याचे निदान केले. पुढे मुंबईत आणि पुण्यात काय झाले, ते मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. सरकारी पथकांनी घरे कार्बोलिक ॲसिडने धुतली, सामान जाळले, माणसे छावणीत हलविली. रोग कशावर स्वार होऊन येतो हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. 2 जून 1898 रोजी कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने एका भांड्यात प्लेगचा उंदीर ठेवला आणि त्याच्याजवळ जाळीआड एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होत नव्हता, परंतु पिसू जाळीतून उडी मारू शकत होती. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. सिमोंचे म्हणणे पुष्कळांनी कित्येक वर्षे हसण्यावारी नेले. 1905 पासून परळ येथे प्लेग संशोधन आयोगाने प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून पिसवा गोळा केल्या आणि त्याचे म्हणणे खरे ठरविले.

या आयोगाच्या कामाला जोडूनच लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील आर्थर बॅकट यांनी 1914 साली एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी उंदराच्या पिसवांबरोबर माणसाच्या आणि कुत्र्याच्या पिसवाही बरण्यांत वाढविल्या आणि किती उष्णतेत, किती ओलाव्यात अंडे, अळी व कोष किती दिवस टिकतात, याची नोंद ठेवली. उंदराची पिसू कोणती आणि कुत्र्याची कोणती, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. घरच्या कुत्र्यावरच्या पिसवा पाहून प्लेगची धास्ती घेण्याचे सहसा कारण नसते. पण मांडवीच्या चाळींत जी माणसे मेली, त्यांच्यामुळे सुरू झालेल्या शोधातून कुत्र्याच्या धन्यालाही त्या पाचव्या रात्रीचे उत्तर मिळाले, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

ते उत्तर असे. पिसूची मादी कुत्र्याचे रक्त पिऊन एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, आणि ऐन भरात ती दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. अंडी गुळगुळीत असल्याने केसांतून निसटून कुत्रा जेथे निजतो तेथे पडतात. त्यांतून निघालेली अळी उजेड टाळते आणि सतरंजीच्या विणीत किंवा फरशीच्या फटीत शिरते. तेथे ती काय खाते? मोठ्या पिसवांच्या विष्ठेतून गळलेले कुत्र्याचेच वाळलेले रक्त! वाळलेल्या घाणीजवळ पिसवा सापडतात, हे ॲरिस्टॉटलचे निरीक्षण अगदीच चुकीचे नव्हते, निष्कर्ष चुकला. अळी मग चिकट कोष विणते, त्याला धूळ डकते आणि तो ओळखू येईनासा होतो. कोषात पूर्ण वाढलेली पिसू कित्येक आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने, निमूट बसून राहते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि उच्छ्वासातील वायू यांची चाहूल लागताच ती क्षणार्धात बाहेर पडते. सुट्टी संपवून बंद घराचे कुलूप काढणाऱ्या माणसाच्या पायांना पिसवा कडाडून चावतात, त्या यामुळेच. एका वेळी घरात असलेल्या एकूण प्रजेपैकी कुत्र्याच्या अंगावर दिसतो तो अगदी थोडा अंश; बाकीची भुईवर असते.

हे कळल्यावरही मनुष्य पुन्हा एकदा जुन्या वाटेला गेला. पाउल म्युलर यांना 1939 मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला आणि 1948 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पांढऱ्या पुडीपुढे कोषांचा विचार करण्याची गरज कोणाला वाटेना. मग डीडीटीला न जुमानणारे कीटक निपजले, आणि ती पूड प्राण्यांच्या चरबीत साठून राहते हेही कळले. खरा पालट 1990 नंतरच्या दशकात झाला. त्या वेळी निघालेले लुफेन्युरॉन हे औषध कुत्र्याच्या पोटात देत. ते मोठ्या पिसूला मारीत नसे. तिच्या अंड्यातील अळीचे कवच मात्र नीट बनू देत नसे. वंश खुंटविण्याची ही खरी युक्ती होय. त्याच सुमारास मानेवर थेंब टाकण्याची औषधे आली आणि 2013 नंतर महिनाभर किंवा अधिक काळ पुरणाऱ्या गोळ्याही आल्या. काही कुत्र्यांना त्या गोळ्यांनी झटके येतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2018 मध्ये दिला. कुत्र्यासाठी केलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावले तर मांजर मरू शकते. म्हणून औषध कोणते व किती, हे पशुवैद्याने ठरवावे आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला त्याच्या सल्ल्याने एकाच वेळी द्यावे. आणखी एक गोष्ट त्याला विचारावी: कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो, तेव्हा तिच्या पोटातला फीतकृमी त्याच्या आतड्यात जातो. अशी पिसू रांगत्या मुलाच्या तोंडात गेली तर तोच कृमी मुलालाही होतो.

बाकीचे काम घरातले आहे. कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्याने धुवावे. बारीक दातांच्या फणीने त्याचे केस विंचरावे आणि फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्या. नुसत्या पाण्यावर त्या तरंगतात, साबणाच्या पाण्यात बुडतात. पलंगाखालचा अंधारा कोपरा, उंबऱ्याची फट, सतरंजीची खालची बाजू येथे केरसुणी रोज फिरवावी. विजेचे केर ओढणारे यंत्र असेल तर फारच उत्तम. अमेरिकेत ओहायो येथे 2007 मध्ये केलेल्या प्रयोगांत अशा यंत्राने ओढल्या गेलेल्या शंभर मोठ्या पिसवांपैकी सुमारे शहाण्णव मेल्या आणि अळ्या व कोष तर एकही वाचला नाही. हे सारे निदान तीन महिने नेमाने चालवावे लागते, कारण पहिल्या दिवशी जे कोष भुईत होते, त्यांतल्या पिसवा तोवर एकेक करून बाहेर येतच असतात. मधल्या काळात पुन्हा ठपठप ऐकू आली, तर औषध फुकट गेले असे समजून निराळी पूड आणावयास धावू नये. दिवा लावून कुत्र्याचा कान पाहावा, फणी घ्यावी, आणि सकाळी तो जेथे निजला होता तेथली सतरंजी उचलावी.